आईवडिलांचं ‘करणं’ भावंडांत वाटून घेताना

आमच्या मळ्यात एक सामाईक विहीर आहे. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ, तिघांचं पाणी तिच्यावर. सोमवार-मंगळवार कुणाचा, मोटर किती वाजता बंद करायची, लाइट गेली तर बुडालेले तास कसे भरून काढायचे, सगळं ठरलेलं. तीन पिढ्या ही पाळी चालू आहे आणि अर्ध्या तासावरून माणसं अजूनही बांधावर उभी राहून भांडतात. त्याच घरात म्हाताऱ्या माणसाला रात्री उठवून लघवीला कुणी न्यायचं, याची पाळी मात्र कधी कुणी लावली नाही. ते आपोआप होतं, असं सगळे धरून चालले होते. आपोआप म्हणजे घरातली थोरली सून ते करत होती.

मी त्या ‘सगळ्यां’तलाच. तिघा भावंडांत धाकटा. अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मी बंगळूरला नोकरीत, ताई सोलापूरला सासरी आणि दादा-वहिनी मिरजेला अण्णा-आईंजवळ. पहिलं दीड वर्ष मी दर महिन्याला पैसे पाठवले आणि आपलं काम चोख चाललंय अशा समजुतीत राहिलो. मग वहिनींची कंबर धरली, डॉक्टरांनी पंधरा दिवस सक्तीची विश्रांती सांगितली, आणि मी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून मिरजेला आलो. दुसऱ्याच दिवशी माझ्याच्यानं गोळ्यांचा डबा भरवेना. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली अर्धी करायची, कुठली संपत आली आहे, हे फक्त वहिनींच्या डोक्यात होतं. चौथ्या रात्री अण्णांनी पाचव्यांदा हाक मारली तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. त्यानंतर आम्ही तिघं बसलो. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्या बसण्यातून आणि नंतरच्या चुकांमधून आलेलं आहे. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू होतंय, त्यांच्यासाठी.

आधी पंधरा दिवसांची वही

लगेच बैठक बोलावू नका. बैठकीत प्रत्येक जण आपल्या आठवणीप्रमाणे बोलतो, आणि प्रत्येकाच्या आठवणीत स्वतःचं काम मोठं असतं. त्याऐवजी घरात एक शंभर पानी वही ठेवा. जो कोणी आईवडिलांसाठी जे काही करेल ते त्यानं तिथं लिहायचं: काय केलं, किती वाजता, किती वेळ लागला. पंधरा दिवस. टीका नाही, शेरे नाहीत.

काय काय लिहायचं हे नव्या माणसाला सुचत नाही, म्हणून आमच्या वहीतल्या काही नोंदी देतो. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, फिजिओथेरपीचे व्यायाम, डायपर, चादर. हे दिसणारं. आता न दिसणारं: गोळ्या संपायच्या आधी मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं आणि तिथं दोन तास बसणं, रिपोर्ट आणणं, मीठ कमी असलेली भाजी वेगळी काढणं, सांभाळायला ठेवलेली मावशी आली नाही तर दुसरी शोधणं, आलेल्या-गेलेल्यांना चहा, आणि अण्णांचा एकच प्रश्न आठव्यांदा ऐकून आठव्यांदा उत्तर देणं. शेवटच्या कामाची नोंद आईनं करायला लावली. ‘हे पण लिहा,’ म्हणाली, ‘यानंच माणूस दमतं.’

रात्रीच्या उठण्याची नोंद वेगळ्या पानावर करा. वेळ लिहा, कोण उठलं ते लिहा. ते एक पान पुढं सगळ्या वादांत उपयोगी पडतं.

दूर राहणाऱ्यांनीही लिहायचं. मी माझ्या पंधरा दिवसांत लिहिलेल्या ओळी भरल्या अकरा. त्यांतल्या सहा ‘फोन केला’ अशा होत्या.

ज्यांचं करायचं त्यांना विचारा

हे इतकं साधं आहे की विसरलं जातं. भावंडं आपापसात महिने वाटून घेतात आणि आईला बॅग भरायला सांगतात. चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे ही पद्धत आपल्याकडे गावोगाव आहे, आणि कागदावर ती अगदी न्याय्य दिसते. माझं मत तिच्याविरुद्ध आहे. ज्या माणसानं चाळीस वर्षं एका घरात स्वतःच्या हातानं देव पुजले, त्याला दर चार महिन्यांनी नव्या घरात बाथरूमचा दिवा कुठं आहे हे शोधायला लावायचं, आणि वर याला वाटणी म्हणायचं! विसरण्याचा आजार असेल तर ठिकाण बदललं की गोंधळ वाढतो, संध्याकाळी तर फारच. शिवाय डॉक्टर बदलतात, फाइल बदलते, पडण्याचा धोका वाढतो.

पण हिंडतं-फिरतं माणूस स्वतःहून म्हणत असेल की मला लेकीकडे दोन महिने राहायचंय, तर जरूर पाठवा. आमची आई पंचाहत्तर पूर्ण झाल्यापासून एसटीनं फुकट सोलापूरला जाते आणि त्या फुकट तिकिटाचा तिला फार अभिमान आहे.

विचारायचं ते नेमकं विचारा. ‘तुला कुठं राहायचंय?’ याला उत्तर ‘तुम्ही ठेवाल तिथं’ असंच येतं. त्यापेक्षा असं विचारा: अंघोळ कुणी घातलेली चालेल? परका माणूस घरात ठेवला तर चालेल का? रात्री खोलीत कुणी झोपावं? अण्णांना सुनेनं अंघोळ घातलेली अजिबात आवडत नव्हती, पण दीड वर्ष ते बोलले नाहीत. विचारल्यावर कळलं. वहिनींनाही ते अवघड जात होतं, त्याही बोलल्या नव्हत्या. दोन माणसं एकमेकांची लाज सांभाळत रोज सकाळी झिजत होती आणि त्यावर उपाय तासाभराचा होता: सकाळी सात ते आठ एक पुरुष मदतनीस.

बैठक

कधी घ्यायची यापेक्षा कधी घ्यायची नाही हे सांगणं सोपं आहे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नको. दिवाळीत नको, सगळे जमलेले असतात म्हणून मोह होतो, पण भाऊबीजेच्या ताटासमोर पैशाचं बोलणं निघालं की ती बहीण पुढच्या वर्षी येताना दहादा विचार करते. कुणाच्या तेराव्याला तर नकोच. एखादा साधा रविवार ठरवा, सकाळी दहा ते साडेबारा. लांबचे व्हिडिओ कॉलवर.

सुना आणि जावई बैठकीत हवेत. ‘हा आमच्या भावंडांचा प्रश्न आहे’ असं म्हणून त्यांना स्वयंपाकघरात ठेवायचं आणि ठरलेलं काम मात्र त्यांच्याच हातून करून घ्यायचं, हा आपला जुना डाव आहे. ज्याच्या हातून काम होणार तो ठरवताना समोर पाहिजे. आमच्याकडे पहिला अर्धा तास फक्त वहिनी बोलल्या. दादानं मध्ये दोनदा ‘जाऊ दे गं’ म्हटलं, ताईनं त्याला गप्प केलं.

क्रम असा ठेवा. आधी वही वाचा, मोठ्यानं. मग प्रत्येकानं आपल्याला काय जमतं आणि काय अजिबात जमत नाही ते सांगायचं. ताईनं सांगितलं की तिला जखमा बघवत नाहीत, चक्कर येते. यावर ‘स्वतःच्या बापाचं असून?’ असं कुणी म्हणायचं नाही. न जमणारं काम प्रेमापोटी अंगावर घेतलं की महिनाभरात ते परत थोरल्या सुनेच्या अंगावर येतं. नंतर कामं वाटायची. पैसा सगळ्यात शेवटी. पैशाचं आधी बोललात तर ज्याच्याकडे पैसा आहे तो पाकीट काढून मोकळा होतो आणि उरलेली बैठक होतच नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

काम द्या ते मुळासकट

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. आम्ही आधी ‘मदत’ करत होतो. वहिनी सांगायच्या, अमुक औषध मागवा, मी मागवायचो. ताईला सांगायच्या, डॉक्टरांना फोन करा, ती करायची. हात आमचे हलत होते, पण लक्षात ठेवायचं सगळं त्यांनीच. माणूस हातापायांनी जितका दमतो त्याच्या दुप्पट या लक्षात ठेवण्यानं दमतो.

म्हणून काम तोडून देऊ नका, अख्खं द्या. ‘औषधं’ हे काम माझ्याकडे आलं, म्हणजे कुठली गोळी किती उरली, चिठ्ठीची मुदत कधी संपते, डॉक्टरांनी डोस बदलला तर घरातल्या भिंतीवरचा तक्ता बदलायचा, दुकानदाराचं बिल भागवायचं, हे सगळं माझं. ते बंगळूरहून होतं. मिरजेतलं ठरलेलं मेडिकल माझ्या फोनवर घरपोच औषध पाठवतं, आणि दर रविवारी आई डब्याचा फोटो पाठवते. वहिनींना गोळ्या संपल्याचं आता कळतही नाही, कारण संपतच नाहीत.

लांबून अख्खी घेता येतील अशी आणखी कामं: विम्याची फाइल आणि क्लेम, वीज-पाणी-फोनची बिलं, डॉक्टरांच्या वेळा आणि सगळे रिपोर्ट एका जागी लावून ठेवणं, आजाऱ्याच्या सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलणं, सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घेणं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेतल्या हॉस्पिटलांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार या कार्डावर मिळतात. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून. नोव्हेंबरातला पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो, पण त्यासाठी ते माणूस समोर लागतं. म्हणून माझी एक सुट्टी मी नोव्हेंबरातच टाकतो.

ताईकडे ‘दवाखाना’ आहे. डॉक्टरांशी बोलणारी एकच व्यक्ती, ती. आधी आम्ही तिघंही वेगवेगळे फोन करून वेगवेगळं ऐकायचो आणि मग आपापसात वाद घालायचो. अण्णांना ॲडमिट केलं तेव्हा ताईनं फाइलच्या पहिल्या पानावर आजार, चालू गोळ्या, कुठल्या औषधाची ॲलर्जी आणि रक्तगट असं एक पान लावलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं ते पान बघून तिला ‘तुम्ही सिस्टर आहात का?’ असं विचारलं होतं. ती अजून सांगते.

आणि ज्यानं अख्खं काम घेतलं त्याच्या पद्धतीत बाकीच्यांनी ढवळाढवळ करायची नाही. ताईनं निवडलेला डॉक्टर मला पटला नव्हता. पटवून घेतला.

रात्र

दिवसाच्या कामाचे तास मोजा, पण रात्र वेगळी मोजा आणि दुप्पट धरा. आमच्या वहीतल्या त्या वेगळ्या पानावर पंधरा रात्रींत एकोणसाठ वेळा उठल्याची नोंद होती. त्यातल्या चौपन्न वहिनींच्या नावावर. दादाला झोपेत हाक ऐकू येत नाही, असं तो अगदी प्रामाणिकपणे म्हणत होता. पाळी लागली त्या आठवड्यापासून ऐकू यायला लागली.

रात्र वाटायच्या आधी ती हलकी करता येते का बघा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर सकाळी दिली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. पलंगाजवळ युरिन पॉट, कमोड चेअर, पायाशी मंद दिवा, उठल्यावर धरायला भिंतीला दांडी. कूस स्वतः बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडापाशी बेडसोर होतात, आणि एकदा झाले की भरायला महिने लागतात. हवेची गादी घ्या, पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका. ही सगळी साधनं लगेच विकत घ्यायची गरज नसते. बहुतेक गावांत एखादं मंडळ किंवा ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर वापरायला देतं. आम्हाला वॉकर आणि फाउलर बेड, म्हणजे डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारा पलंग, तसाच मिळाला.

मग उरलेली रात्र वाटा. एका घरात राहणाऱ्या दोघांनी एकाच रात्री अर्धी-अर्धी जागू नये, दोघांचीही झोप मोडते. एक रात्र एकाची, दुसरा दुसऱ्या खोलीत, दार लावून. सलग दोनपेक्षा जास्त रात्री कुणाच्याही वाट्याला नकोत. पैसे असतील तर आठवड्यातून दोन-तीन रात्री ब्युरोचा माणूस ठेवा. दिवसाची मावशी ठेवण्याआधी रात्रीचा माणूस ठेवावा असं मी म्हणेन. आमच्या मंडळींना ते उलटं वाटलं होतं.

बाहेरगावचं भावंड येतं तेव्हा काय होतं, हेही इथंच सांगतो. पूर्वी मी आलो की वहिनींचं काम वाढायचं. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक, माझ्या मुलांचं दूध, माझ्या मित्रांचा चहा. मी अण्णांजवळ तासभर बसून त्यांचे हात चेपायचो, डोळे भरून यायचे, आणि जाताना हमखास म्हणायचो, ‘फार खंगलेत हो.’ त्या ‘हो’मध्ये वहिनींवर ठपका असायचा, मला नकळत. आता नियम असा: जो येईल तो घर ताब्यात घेईल आणि जे रोज करतात ते घराबाहेर जातील. वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस माझे, दोनदा तितकेच ताईचे. दादा-वहिनी पहिल्यांदा गणपतीपुळ्याला गेले तेव्हा वहिनींनी दिवसातून सात फोन केले. दुसऱ्या वेळी दोन. आणि कुणाच्याही कामावर शेरा मारायचा असेल तर त्याआधी सलग तीन रात्री काढायच्या, हा दुसरा नियम. तीन रात्रींनंतर शेरा सहसा उरत नाही.

पैसा

आधी आईवडिलांचा स्वतःचा पैसा. अनेक घरांत मुलं कर्ज काढतात आणि वडिलांची ठेव ‘नातवंडांसाठी’ तशीच राहते. ठेव म्हातारपणासाठीच केलेली असते. पेन्शन, व्याज, भाडं यांतून महिन्याचा खर्च वजा करा. जी तूट राहील तेवढीच वाटायची.

सारखी वाटू नका, कमाईच्या प्रमाणात वाटा. समजण्यापुरतं उदाहरण: महिन्याचा खर्च ४२,०००, पेन्शन १८,०००, तूट २४,०००. तिघांची कमाई ६०,०००, ४०,००० आणि १,४०,०००, म्हणजे एकूण २,४०,०००. तूट कमाईच्या दहा टक्के. तर ६,०००, ४,००० आणि १४,०००. सारखे आठ-आठ हजार घेतले असते तर चाळीस हजार मिळवणाऱ्याच्या कमाईचा पाचवा हिस्सा गेला असता. बहीण नोकरी करत नसेल तर तिच्या नावावर शून्य येतं आणि ते बरोबर आहे. तिच्या नवऱ्याची कमाई धरायची की नाही हे ती दोघं सांगतील, भावांनी धरू नये.

आता अवघड भाग. जे जवळ राहून करतात त्यांच्या श्रमाचं काय? आम्ही हिशेब असा केला की वहिनी जे करतात त्यासाठी बाहेरचा माणूस ठेवला तर ब्युरो किती घेईल. तो आकडा कळल्यावर दादाच्या वाट्याचे पैसे मागायचा विषयच संपला. पण तेवढ्यानं वहिनींना काय मिळालं? दादाचे पैसे वाचले. वहिनींनी शिकवण्या बंद केल्या होत्या, त्यांची स्वतःची मिळकत गेली होती. ‘पगार’ हा शब्द काढताच त्या उठून गेल्या, आणि योग्यच होतं. शेवटी ताईनं मार्ग काढला: वहिनींच्या नावावर पोस्टात आरडी, मी आणि ताई भरतो. त्याला काही नाव दिलेलं नाही. तुमच्या घरी वेगळं काही सुचेल. पण विषय काढाच. करणाऱ्या बाईचं बुडालेलं उत्पन्न कुठल्याच वाटणीत धरलं जात नाही.

व्यवहारासाठी एक वेगळं बँक खातं, आईचं आणि जवळच्या भावंडाचं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा पद्धतीचं. सगळ्यांनी एक तारखेला त्यात भरायचं, सगळा खर्च त्यातूनच, आणि महिनाअखेर स्टेटमेंटचा फोटो घरच्या ग्रुपवर. हिशेब मागावा लागणं आणि द्यावा लागणं, दोन्ही अपमानाचं वाटतं. आपोआप येणाऱ्या स्टेटमेंटचं कुणाला काही वाटत नाही. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र ज्याला करात वजावट घ्यायची आहे त्यानं आपल्या खात्यातून भरावा. आयकराची जुनी करप्रणाली असेल तर ६० वर्षांवरच्या आईवडिलांसाठी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते; त्यांचा विमाच नसेल तर औषधोपचाराच्या खर्चावरही मिळते, पण तो रोखीत केलेला नसावा. दोन भावंडांनी थोडा थोडा भरला तर आपापल्या भागावर दोघांनाही घेता येते.

मावशी आणि ब्युरो

माणूस ठेवला म्हणजे काम संपलं असं नाही, माणूस सांभाळणं हे नवं काम आहे आणि तेही कुणाच्या तरी नावावर लागतं. ब्युरोकडून घेताना विचारा: बारा तासांची की चोवीस, बदली माणूस किती तासांत मिळेल, उचलून बसवणं येतं का, नाकातून नळी असेल तर भरवता येतं का. घरच्यांचा स्वयंपाक, धुणी-भांडी त्यांच्याकडून करून घेऊ नका, ते तुमचे घरगडी नव्हेत. जेवण, चहा, टेकायला जागा आणि आठवड्याची सुट्टी हे आधीच बोलून घ्या. सुट्टीच्या दिवशी कुणाची पाळी हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सगळ्यात जास्त भांडणं त्या एका दिवसावरून होतात.

घर, जमीन, कागद

‘ज्यानं केलं त्याला घर’ हा विषय कुणाच्या मनात नाही असं घर मी पाहिलेलं नाही. तो सेवेच्या बैठकीत मिसळू नका. पण दाबूनही ठेवू नका, आईवडिलांची शुद्ध शाबूत असताना त्यांनाच ठरवू द्या. इच्छापत्र साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. साक्षीला भावंडं नकोत, बाहेरची माणसं घ्या, डॉक्टर असतील तर उत्तम. वडिलांना जवळच्या मुलाच्या नावे घर आत्ताच करून द्यायचं असेल तर बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे स्पष्ट लिहून घ्यावं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशा अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, रद्द करून घ्यायची सोय देतं. अटच लिहिलेली नसेल तर भांडत बसावं लागतं.

बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणारे आणि सेवेच्या वेळी ‘तुझं सासर आहे, तू कशाला’ म्हणणारे भाऊ एकच असतात. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित हिंदू एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आणि जबाबदारीचं म्हणाल तर त्याच्याही आधी, १९८७ साली, कल्याणच्या एका डॉक्टर विवाहितेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की लग्न झालेल्या कमावत्या मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत वाचून दाखवा, म्हणजे भाऊही शांत होतात आणि बहिणीही.

आणखी एक कागद: शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको, याचं आगाऊ लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आम्ही अण्णांचं केलं नाही. आयसीयूच्या बाहेर, रात्री दोन वाजता, तिघांची तीन मतं होती. आईनं तिचं गेल्या वर्षी करून टाकलं.

एखादं भावंड हात वर करतं तेव्हा

आधी बघा, नाही म्हणतंय की जमत नाहीये. नोकरी गेलेली असते, घरात दुसरं आजारपण असतं, आणि सांगायची लाज असते. एकट्यानं, शांतपणे फोन करा, ग्रुपवर नाही. कधी जुनी जखम असते: बापानं एकाला शिकवलं, दुसऱ्याला शेतावर ठेवलं. ती चाळीस वर्षांची फिर्याद तुमच्या वेळापत्रकानं मिटणार नाही. त्याला सेवा नको, पैसे जमतील का विचारा. पैसे नकोत, कागदाचं एखादं काम जमेल का विचारा. मामा, आत्या किंवा वडिलांचा जुना मित्र अशा कुणाला मध्ये घालायचं तर त्यांनाही आधी वही दाखवा.

तरीही काहीच नाही, तर त्याला वगळून आराखडा करा. त्याची वाट पाहण्यात करणारा माणूस मोडतो. आईवडिलांची खरंच आबाळ होत असेल तर त्याच २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. अर्ज आईवडिलांनी करायचा. त्यांना जमत नसेल तर त्यांनी नेमलेल्या माणसाला किंवा संस्थेला करता येतो. १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर त्याची माहिती मिळते. पण भावाला धडा शिकवायचा म्हणून आईला पुढे करून कचेरीत नेऊ नका. आपल्याच मुलाविरुद्ध सही करताना तिचं काय होतं, ते मी एका शेजाऱ्यांच्या घरी पाहिलं आहे.

दर तीन महिन्यांनी

ठरवलेलं टिकत नाही, टिकायचंही नसतं. आजार पुढं सरकतो, कुणाची बदली होते, कुणाची दहावी येते. दर तीन महिन्यांनी अर्धा तास, आणि प्रत्येक ॲडमिशननंतर घरी आल्यावर आठवड्याच्या आत एकदा, वही उघडायची. दोनच प्रश्न: कुणाची झोप मोडतेय, आणि कुठलं काम परत जुन्याच माणसाकडे सरकलंय. दुसरं हमखास झालेलं असतं. आमच्याकडे ब्युरोशी बोलायचं काम दादाकडे होतं. सहा महिन्यांत ते गुपचूप वहिनींकडे परत गेलं होतं, ‘तिला बरं जमतं’ म्हणून. ते काढून माझ्याकडे दिलं.

अण्णा जाऊन आता तीन वर्षं झाली. वही तीच आहे, मागच्या बाजूनं आईचं सुरू केलंय. अजून त्यात फार काही नाही: डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचा डॉक्टर, बँक. रात्रीचं पान कोरं आहे. पुढची तारीख दसऱ्यानंतरचा रविवार लिहिलीय आणि तिच्यासमोर आईनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातलीय, ‘मलापण बोलायचे आहे, चष्म्याबद्दल नाही.’